लेकरांच्या हाती चित्रांची पुस्तके

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात, रविवारचा बालवर्ग चालविणाऱ्या महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आज बोलणार आहोत ते लहान लेकरांच्या चित्रांच्या पुस्तकांविषयी. शिष्यवृत्ती, नोकरी, स्पर्धा परीक्षा असे मोठमोठे विषय असताना हा कसला विषय, असे काहींना वाटेल. पण पुस्तक हा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

आपण दीक्षाभूमीला जातो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर जातो. तिथून येताना हातात पुस्तकांची पिशवी असते. दुसरे लोक जत्रेतून खेळणी-मिठाई आणतात, आपण पुस्तके आणतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती पिशवी घरी आल्यावर एकदा उघडून बघा. आजोबांसाठी चरित्रग्रंथ असतो, कॉलेजात जाणाऱ्या पोरासाठी परीक्षेचे पुस्तक असते, भिंतीसाठी दिनदर्शिका असते. आणि तीन वर्षांच्या लेकरासाठी काय असते? पिपाणी, नाहीतर फुगा! त्याच्या वाट्याला पुस्तक येते ते शाळेत नाव घालताना, अंकलिपीच्या रूपाने. म्हणजे पुस्तकाची पहिली ओळख होते तीच "म्हण बघू, हे कोणतं अक्षर?" अशी दरडावून. मग त्या लेकराला पुस्तक म्हणजे परीक्षा वाटली तर दोष कोणाचा?

वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. "आम्ही उपाशीपोटी शिकलो. गमतीसाठी पुस्तक घेणं आम्हाला माहीत नाही." हे म्हणणे खरे आहे. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरे नागसेनवनात आली. शिकणे ही त्यांची लढाई होती. त्यांच्यामुळेच आज आपण इथे उभे आहोत. पण बाबासाहेबांच्या लहानपणाकडेही जरा पाहू या. सुभेदार रामजीबाबा मुलाच्या पुस्तकांसाठी आपल्या लेकींकडे उसने पैसे मागत, प्रसंगी दागिना गहाण ठेवीत. भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच केळुस्कर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली, आणि पुढे परीक्षा पास झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बागेत जाऊन वाचायला कोणी सांगितले नव्हते. वाचनाची ओढ होती, म्हणून ते गेले. आपल्याला लेकरात पेरायची आहे ती हीच ओढ. दोन-तीन वर्षांच्या वयात ती धाकाने पेरता येत नाही, गमतीने पेरता येते.

लेकराला मांडीवर घेऊन पुस्तक वाचले की काय होते? घरात दिवसभर आपण त्याच्याशी बोलतो ते "जेव, ऊठ, चप्पल घाल, पडशील" एवढेच. पुस्तकात मात्र हत्ती येतो, पाऊस येतो, हरवलेली टोपी येते, आणि त्यांच्यासोबत नवे शब्द येतात. पान कसे उलटायचे, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, आधी काय झाले, आता काय होईल, हे सगळे न शिकवता कळू लागते. असे लेकरू पहिलीत जाते तेव्हा पुस्तक त्याच्या ओळखीचे असते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पुस्तके आहेत, त्या घरातली मुले ही शिदोरी घेऊनच शाळेत येतात. आपल्या लेकरांना ती का मिळू नये?

"मला वाचता येत नाही, मी काय करू?" असे आमच्याकडे येणाऱ्या आज्या विचारतात. आजी, चित्र वाचायला अक्षर लागत नाही! आपल्या शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे १७ क्रमांकाच्या लेणीत भिंतीभर जातककथा रंगविल्या आहेत. पाचव्या शतकातले ते काम आहे. तिथे येणाऱ्या माणसाला एकेक प्रसंग दाखवीत गोष्ट सांगता येते. युरोपात मुलांसाठीचे पहिले नामांकित चित्रपुस्तक कॉमेनियस यांनी १६५८ साली काढले. आपल्या जिल्ह्यात चित्रांतून गोष्ट सांगण्याची कला त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधीची आहे. तेव्हा आजीने बोट ठेवून विचारावे, "हे माकड कुठं चाललं? ह्याला भूक लागली का?" झाले वाचन.

आता निवड कशी करायची ते सांगतो. दुकानात पुस्तक हातात आले की पाच गोष्टी बघा.

पहिली, वय. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला जाड पुठ्ठ्याच्या पानांचे किंवा कापडी पुस्तक द्या, कारण ते आधी चावणारच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका पानावर एक-दोन ओळी पुरतात. तोच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर फारच छान. चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरती गोष्ट चालते.

दुसरी, चित्र. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रे बघा. गोष्ट कळते का? कोपऱ्यात एखादे मांजर, एखादा बेडूक लपलाय का? पोरांना असे शोधायला फार आवडते.

तिसरी, भाषा. दोन पाने तिथेच मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, तर लेकराचे कानही अडखळतील. आपण घरात बोलतो तशी मराठी असलेले पुस्तक घ्या. मूल इंग्रजी शाळेत जात असले तरी गोष्टीचे हसू आधी घरच्या भाषेतच फुटते.

चौथी, गंमत. शेवटच्या पानावर "म्हणून मुलांनो, नेहमी आईचे ऐकावे" असे शेपूट लावलेले असेल, तर पुस्तक परत ठेवा. तुम्हाला स्वतःला हसू आले का, ही खरी कसोटी.

पाचवी, माणसे. पुस्तकात घर कोणाचे आहे? सावळा माणूस नेहमी राक्षस किंवा चोरच आहे का? आई सदा चुलीपुढे आणि बाबा सदा पेपर वाचत आहेत का? आपल्यासारखी वस्ती, आपल्यासारखे रंगरूप चांगल्या प्रकाशात दिसत नसेल, तर लेकरू न बोलता एक धडा शिकते की पुस्तकातली माणसे वेगळी आणि आपण वेगळे. हा धडा पुसायला फार वर्षे लागतात.

नावे विचाराल, तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तके जरूर बघा. गोष्टही त्यांची, चित्रेही त्यांचीच. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या 'राधाचं घर' या पुस्तकांत एका छोट्या मुलीच्या घरातली माणसे भेटतात. यश नावाच्या मुलाच्या गोष्टीही आहेत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही मराठीत आहे. प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून कमी किमतीत मुलांची पुस्तके काढते. तिच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रकथा फुकट वाचायला मिळतात, मराठीतही. तिथे एक ते चार अशा पायऱ्या केल्या आहेत. लहानग्यांसाठी पहिली पायरी निवडा. मोबाइल घरात आहेच, तर दहा मिनिटे त्याच्यावर हेही होऊ द्या. मात्र मोबाइल पोराच्या हाती देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो, तर ते वाचन नव्हे. शेजारी बसायला हवे.

जातककथांचे पुस्तक आपल्या घरात हवेच, पण त्यातही निवड करा. राजपुत्र विश्वंतर मागायला आलेल्या जूजकाला स्वतःची मुले देऊन टाकतो, ही कथा अजिंठ्यात आहे. पण चार वर्षांच्या लेकराला ती सांगितली तर रात्री ते बापाला घट्ट धरून झोपेल. तो दानाचा विषय मोठेपणी कळेल. लहानांसाठी मगराला चकविणारे माकड आहे, गप्प न बसवणारे कासव आहे, जाळे घेऊन उडणारे पक्षी आहेत. आणि आमच्या बालवर्गाची सगळ्यांत लाडकी गोष्ट सशाची! बेलाचे फळ पानावर धप्पकन पडते, ससा म्हणतो पृथ्वी फुटली, आणि सगळे रान त्याच्यामागे पळत सुटते. शेवटी सिंह विचारतो, "पाहिलं कोणी?" आणि जाऊन बघतो, तर फळ! पोरे हसून लोळतात. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण त्या हसण्यात आलीच. वर वेगळे तात्पर्य सांगायची गरज नाही.

वाचताना तीन पथ्ये पाळा. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तरी कंटाळू नका. त्याला पुढचे ठाऊक असते, त्यातच त्याचा आनंद असतो. मधेच "सांग, हा रंग कोणता?" अशी उलटतपासणी करू नका. आणि पुस्तक काचेच्या शोकेसमध्ये ट्रॉफीशेजारी कुलपात ठेवू नका. फाटले तर खळ लावून चिकटवा. फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक. आणि हो, हे काम एकट्या मायचे नाही. बाबांनी कामावरून येऊन दहा मिनिटे वाचले, तर मुलगा आयुष्यभर लक्षात ठेवील.

शेवटी समितीला एक विनंती. विहाराच्या मागच्या भिंतीला लेकरांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर दोरी बांधू या. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्यावर पुस्तके लटकवू या. रविवारी वंदना झाली की अर्धा तास वाचन, आणि एक पुस्तक आठवडाभर घरी. वाढदिवसाला केकसोबत प्रत्येक कुटुंबाने एक चित्रांचे पुस्तक विहाराला दिले, तर पुढच्या वर्धापन दिनापर्यंत दोरी अपुरी पडेल. आणि पुढच्या वेळी स्टॉलवरून येताना पिशवीत सगळ्यांत वरती धाकट्याचे पुस्तक असू द्या.



नमो बुद्धाय! जय भीम!