हरभऱ्याचे प्रमाणित बियाणे : हिशेब पेरणीपूर्वीच मांडा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



"बीजोत्पादन घेतले तर बाजारात माल विकण्यापेक्षा किती जास्त मिळेल?" हा तुमचा नेहमीचा प्रश्न. आज त्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. आपण आपल्या गावचे घालावेत.

समजा, एकरी ८ क्विंटल हरभरा झाला. बाजारभाव ५,५०० रुपये धरल्यास ४४,००० रुपये येतात. बियाण्यास २० टक्के जादा, म्हणजे ६,६०० रुपये दर ठरला. प्रक्रिया केंद्रात १ क्विंटल चाळणीखाली गेला व तो ४,५०० रुपयांना विकला. ७ क्विंटल बियाण्याचे ४६,२०० धरून एकूण ५०,७०० रुपये झाले. वाढ ६,७०० रुपयांची. त्यातून पायाभूत बियाण्याची जादा किंमत, नोंदणी व तपासणी फी, भेसळ काढण्याची मजुरी, वाहतूक व प्रक्रिया यांचे ३,५०० वजा जाता ३,२०० रुपये उरतात.

चाळणीखाली अडीच क्विंटल गेले तर? उरतात अवघे ५० रुपये! आणि प्लॉट नापास झाला तर ३,५०० रुपये अंगावर.

म्हणून पुढील काळजी घ्यावी. पायाभूत बियाण्याची पांढरी खूणचिठ्ठी व पावती जपून ठेवावी. नोंदणीस ती लागते. हरभऱ्यात स्वपरागीभवन होत असल्याने प्रमाणित बियाण्यास ५ मीटर विलगीकरण पुरते. तुरीस १०० मीटर लागते. भेसळ झाडे हजारी २ पेक्षा जास्त चालत नाहीत. गुलाबी फुलांच्या वाणात पांढरे फूल दिसताच झाड मुळासकट उपटावे. किमान दोन क्षेत्र तपासण्या होतात. त्यापूर्वीच शेत स्वच्छ करावे. घाटेअळीचा बंदोबस्त वेळीच केला नाही तर दाणा पोचट राहतो व चाळणीखाली जातो.

मळणीयंत्र आधी झाडून घ्यावे व वेग कमी ठेवावा. फुटका दाणा वजनात भरतो, पण उगवत नाही. उगवण किमान ८५ टक्के व ओलावा ९ टक्क्यांच्या आत हवा.

शेवटचे, करार वाचूनच सही करावी. दर कोणत्या दिवसाच्या बाजारभावावर ठरणार, नापास माल कोण उचलणार, उरलेली रक्कम केव्हा मिळणार, हे आधी लिहून घ्यावे. ज्यांच्याकडे मजूर व वेळ आहे त्यांनी पहिल्या वर्षी एकच एकर करून पाहावा.