रंगाखालचे काम
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या विज्ञान व हस्तकला प्रदर्शनातील व्याख्यान)



प्रदर्शनाच्या टेबलावरचे छोटेसे विमान दुरून देखणे दिसते. जवळ जाताच पंखांवरचे ब्रशचे फराटे, पोटाखाली गोठलेला ओघळ आणि दोन भागांच्या जोडाची रेघ नजरेत भरते. दोष रंगाचा आहे असे समजून विद्यार्थी त्यावर आणखी एक जाड हात मारतो आणि दोष अधिकच उठून दिसू लागतो. रंग खालचे सारे झाकतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. रंग, विशेषतः चकचकीत रंग, खालचा प्रत्येक ओरखडा उघड करतो. म्हणूनच गुळगुळीत विमानाचे रहस्य रंगाच्या डबीत सापडत नाही. ते रंग लावण्यापूर्वीच्या कामात असते.

भिलाईकरांना हे तत्त्व नवे नाही. तापलेल्या पोलादी पत्र्याला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा कठीण पापुद्रा धरतो. तो काढल्याविना लावलेला रंग कालांतराने त्या पापुद्र्यासह सुटतो. म्हणून रंगाआधी बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून पत्रा स्वच्छ करतात. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पोलाद पुरवले. अशा महाकाय नौकेला जो नियम लागू आहे, तोच तळहाताएवढ्या विमानालाही लागू आहे.

किंबहुना लहान वस्तूला तो अधिक कठोरपणे लागू पडतो. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान साकारले आणि १९५१ मध्ये ते प्रथम आकाशात झेपावले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर. १:७२ या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर तोच विस्तार जेमतेम १५ सेंटीमीटर भरतो. अशा प्रतिकृतीवर रंगात अडकलेला ०.१ मिलिमीटरचा धूलिकण म्हणजे खऱ्या विमानावरचा ७.२ मिलिमीटरचा खडाच! प्रमाण लहान होते, पण धूळ लहान होत नाही आणि रंगाचा थरही आपोआप पातळ होत नाही. प्रतिकृतीच्या रंगकामातील सारी अडचण या एका वाक्यात सामावली आहे.

खऱ्या विमानात गुळगुळीतपणा हा केवळ शोभेचा विषय नसतो. पृष्ठभागाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची संकल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांड्टल यांनी १९०४ मध्ये मांडली. डॉ. घाटगे यांनी गॉटिंगेन येथे याच प्रांड्टल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. पृष्ठभाग खडबडीत असला की हा थर विस्कळीत होतो आणि विमानाला होणारा हवेचा विरोध वाढतो. ब्रिटनच्या ‘स्पिटफायर’ विमानाच्या वेळी गोल डोक्याच्या रिव्हेटांनी वेग किती घटतो, हे पाहण्यासाठी अभियंत्यांनी वाटाण्याच्या डाळीचे दाणे विमानावर चिकटवले आणि ते टप्प्याटप्प्याने काढत चाचण्या घेतल्या. डाळीच्या दाण्याएवढ्या उंचवट्यांनाही वेगाच्या हिशेबात जागा मिळाली!

मराठी मुलखातील कारागिरांनाही या पूर्वतयारीचे मोल ठाऊक होते. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचे लेप देतात, ते वाळवतात आणि दगडाने घोटून गुळगुळीत करतात. चित्राला हात घालायचा तो त्यानंतरच. पाहणारा चित्राची तारीफ करतो. घोटण्याचे श्रम त्याला दिसत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्लास्टिकचे भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांवर राहिलेला असतो. त्यावर रंग धरत नाही. म्हणून प्रथम भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. जोडणी झाल्यावर सांध्यांत लांबी भरावी आणि ती पुरती सुकल्यावर पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासावे : आधी ४०० क्रमांकाचा, मग ६००, मग १०००. क्रमांक वाढतो तसा कागद मऊ होतो. मधली पायरी गाळली की आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात. बाल्सा लाकडाचे विमान असेल, तर लाकडाची छिद्रे सँडिंग सीलरचे हात देऊन व प्रत्येक हातानंतर घासून बुजवावी लागतात.

यानंतर राखाडी अस्तराचा पातळ हात द्यावा आणि विमान दिव्यासमोर तिरपे धरावे. तिरप्या उजेडात खाच, रेघ, उंचवटा असे सारे दिसते. या सर्व कामात ही तपासणी सर्वांत मोलाची आहे. दोष आढळला तर पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा अस्तर.

रंग दुधाइतका पातळ करावा आणि एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हात द्यावेत. एअरब्रश असल्यास तो १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर धरून सतत हलता ठेवावा. फवारा पंखाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. फार जवळ धरला तर ओघळ येतात. फार दूर धरला तर रंग पृष्ठभागावर पसरण्याआधीच सुकू लागतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. एअरब्रश नसला तरी अडत नाही. रुंद मऊ ब्रश, पातळ रंग आणि दोन हातांमध्ये १५०० किंवा २००० क्रमांकाच्या ओल्या कागदाचा हलका स्पर्श, एवढ्यावरही उत्तम काम होते. चिन्हे चिकटवण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा. नाहीतर खडबडीत रंगात हवा अडकून चिन्हाखाली रुपेरी झाक येते.

भिलाईच्या हवामानाचेही भान हवे. पावसाळी दमट हवेत लॅकरच्या रंगावर पांढुरकी छटा चढते. मे महिन्यात रंग फवाऱ्यातच वाळू लागतो आणि धूळही फार असते. दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य दिवस या कामाला सर्वांत चांगले. थिनरची वाफ अपायकारक व ज्वालाग्राही असते. म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ, तोंडाला योग्य मास्क लावून आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

या सगळ्याचा शाळेशी असलेला संबंध मात्र रंगापुरता नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कसेबसे रंगवलेले किंवा बाजारातून तयार आणलेले विमान झळकते आणि महिनाभर सांधे घासत बसलेल्या मुलाचे अर्धे रंगलेले विमान कोपऱ्यात राहते. परीक्षकांनी केवळ झिलईला गुण दिले, तर सारी शाळा झिलईच शिकेल. म्हणून विमानासोबत कामाची वही मागावी. किती वेळा घासले, कोणता दोष सापडला आणि तो कसा दुरुस्त केला, याला गुण असावेत. केवळ अस्तर दिलेले विमानही टेबलावर मानाने मांडावे. दोष दिसताच, तो लपवण्याऐवजी, रंग खरवडून पुन्हा आरंभ करणाऱ्या मुलाची पाठ सर्वांसमोर थोपटली जावी.

साठ वर्षांची शाळा ही अशाच पातळ हातांनी घडलेली असते. वर्षाचा एक हात, त्याला वाळायला दिलेला वेळ आणि मग पुढचा. उत्सवाच्या दिवशी लोकांना दिसतो तो शेवटचा थर. त्याखाली वर्गावर्गात निमूटपणे घासत राहिलेले अनेक हात आहेत. आजचा सन्मान प्रथम त्यांचा आहे.