कर्करोग आणि दुसरें मत



ज्युबिलीच्या ह्या मंगल समयीं कर्करोगासारखा विषय आम्ही व्याख्यानासाठीं कां निवडला, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर सोपें आहे. आप्तेष्टांपैकीं कोणालाच हा रोग झाला नाहीं असें घर आतां विरळा. रोगाचें नांव कानीं पडतांच घरच्या मंडळींचें भान हरपतें. आणि पहिल्या डॉक्टरांनीं नेमलेल्या दिवशीं रुग्णास शस्त्रक्रियेसाठीं नेऊन पोंचविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें त्यांस वाटतें. उपचार ठरविण्यापूर्वीं आणखी एका जाणत्या तज्ज्ञाचें मत घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर कसें, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करूं.

प्रथम इतिहासाकडे वळूं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं १८९४ सालीं स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तींत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेंतील गांठी हें सर्व काढून टाकीत. त्या काळीं ह्याहून चांगला उपाय कोणापाशीं नव्हता, हेंहि खरें. परंतु जितकें अधिक कापावें तितका रुग्ण सुरक्षित, ही समजूत पुढें पाऊणशें वर्षें टिकून राहिली. स्त्रीला भूल देत, गांठीचा तुकडा तेथल्या तेथें तपासीत, आणि कर्करोग ठरला तर त्याच वेळीं स्तन काढीत. आपलें काय झालें हें त्या बिचारीला शुद्धीवर आल्यावर कळे.

ह्या रीतीस १९७४ सालीं रोज कुशनर नांवाच्या एका अमेरिकन पत्रकार स्त्रीनें विरोध केला. आधीं तुकडा तपासा, मग मला सांगा, आणि पुढचें मी विचार करून ठरवीन, एवढेंच तिचें म्हणणें होतें. तरी अनेक शस्त्रवैद्यांनीं तें नाकारलें. पुढें १९७९ मध्यें अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तज्ज्ञांची जी समिति बसविली, तींत ह्याच बाईंस स्थान मिळालें. आणि तपासणी व शस्त्रक्रिया हीं दोन कामें सामान्यतः वेगवेगळीं करावीं, असा अभिप्राय त्या समितीनें दिला. ह्या दोन कामांमधील दिवस हीच दुसऱ्या मताची जागा होय.

तिकडे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर व मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी ह्या दोघां शस्त्रवैद्यांनीं जुन्या समजुतीची कसोटी घेतली. केवळ गांठ व तिच्याभोंवतालचा भाग काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया आणि संपूर्ण स्तन गमावलेल्या स्त्रिया यांची त्यांनीं वीस वर्षें नोंद ठेविली. दोघांचेहि निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. रोग प्रारंभीं सांपडलेल्या ह्या स्त्रियांच्या दोन्ही गटांचें आयुष्य सारखेंच ठरलें. म्हणजे एका पिढीनें जें मत निर्विवाद मानलें, तें पडताळून पाहण्याचें धैर्य कोणी केलें, म्हणूनच असंख्य स्त्रियांचें अंग शाबूत राहिलें.

स्वरयंत्राच्या कर्करोगाचेंहि असेंच झालें. अमेरिकेंत ३३२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. रोग वाढलेला असतांहि, प्रथम औषधें व मागून किरणोपचार दिलेल्यांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांचें स्वरयंत्र वांचलें, आणि आयुष्य मात्र घटलें नाहीं. आमच्या बांधवांत तंबाखूचें व्यसन किती आहे हें आपण जाणतांच. तेव्हां हा विषय दूर देशींचा समजूं नये.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. दुसरें मत म्हणजे नुसते दुसऱ्या डॉक्टरांना नाडी दाखविणें नव्हे. कर्करोगाचा सारा उपचार गांठीच्या तुकड्याच्या तपासणीवर उभा असतो. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेला असतो आणि त्याचे पातळ काप कांचेच्या पट्ट्यांवर ठेवलेले असतात. हे ठोकळे व ह्या पट्ट्या मागून घ्याव्या आणि दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां तपासून घ्याव्या. रोगाची जात बदलली कीं औषध बदलतें; शस्त्रक्रिया आधीं कीं औषधें आधीं, हेंहि त्यावरच अवलंबून असतें. अपुऱ्या तपासणीवर घाईनें केलेली शस्त्रक्रिया मागाहून कोणासहि पुसून टाकतां येत नाहीं. सर्व अहवाल, सी. टी. स्कॅनची तबकडी व डिस्चार्ज कार्ड एका पिशवींत सांभाळून ठेवावें.

कोणी म्हणतील, हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रवैद्य, औषधतज्ज्ञ व किरणतज्ज्ञ एकत्र बसूनच उपचार ठरवितात. म्हणजे ते स्वतःच एकमेकांचें मत घेतात. नम्रपणें विचारलें असतां सुज्ञ डॉक्टर आपण होऊन कागदपत्रें देतात.

मात्र मर्यादाहि सांगितली पाहिजे. बहुतेक गांठींच्या रोगांत आठपंधरा दिवसांचा विचार सहसा बाधत नाहीं. महिनोन्‌महिने केलेली दिरंगाई मात्र घात करते. रक्ताचा तीव्र कर्करोग, कोंडणारा श्वास, न थांबणारा रक्तस्राव, किंवा मज्जारज्जूवर दाब पडून पाय लुळे पडूं लागणें, अशा वेळीं उपचार तत्काळ सुरू करावा. तसेंच आपल्या मनासारखें उत्तर मिळेपर्यंत दारोदार फिरणें, अथवा कापाकापीशिवाय बरें करतों म्हणणाऱ्या भोंदूच्या नादीं लागणें, ह्यास दुसरें मत म्हणत नाहींत. दोन मतें जुळलीं तर मनास धीर येतो. न जुळलीं तर प्रत्येकास कारण विचारावें, आणि दुसऱ्याचें लेखी मत पहिल्यास दाखवावें.

हें सर्व श्रीमंतांसाठींच आहे असेंहि नाहीं. मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. आज तें भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथें गोरगरीब रुग्ण देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात. २०१२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळें देशांतील शेंकडों रुग्णालयें व संस्था एकमेकांशीं जोडल्या गेल्या आहेत. तेव्हां ‘आम्हांला कोण विचारतो’ असें म्हणून कोणीं मागें राहूं नये.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगतों. आमच्या कुटुंबांत रुग्ण स्त्री असली म्हणजे दीर, भाऊ, मुलगे बाहेरच्या खोलींत बसून निर्णय घेतात, आणि जिच्या देहावर शस्त्र चालावयाचें तिला शेवटीं सांगतात. हें प्रेमापोटींच होत असेल. परंतु देह तिचा आहे, आणि आयुष्यहि तिचें आहे. दुसरें मत घेण्यास जाल तेव्हां तिला बरोबर न्या, डॉक्टरांसमोर बसवा, आणि पहिला प्रश्न तिलाच विचारूं द्या.