गॅरेजवाल्यांची संघटना आणि आपण

(झिरकपूर येथील अभ्यासवर्गात मराठी भाषिक रेल्वे कामगार प्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



मला दिलेला विषय 'असंघटित क्षेत्र आणि आपली जबाबदारी' असा आहे. या विषयावर दर अभ्यासवर्गात कोणी तरी बोलतो, आपण टाळ्या वाजवतो आणि गाडी पकडून घरी जातो. म्हणून मी आज फक्त एकाच धंद्याबद्दल बोलणार आहे. मोटार दुरुस्तीचे गॅरेज आणि सुट्या भागांचे दुकान. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. खलाशी म्हणून लागलो, फिटर झालो, मग युनियनमध्ये आलो. पुस्तकी मांडणी माझ्याकडून होणार नाही, पण पाना कसा धरतात ते मला ठाऊक आहे.

काल संध्याकाळी मी अंबाला रस्त्याने चालत गेलो. झिरकपूर हे गाव मोठे गमतीचे आहे. जमीन पंजाबची, एका बाजूला चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश, दुसऱ्या बाजूला हरियाणाचे पंचकुला. रस्त्यावर मोठमोठ्या काचेच्या शोरूम, आणि त्यांच्या आडोशाला, गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली गॅरेज. एकाच गॅरेजपुढे तीन नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या: पीबी, सीएच आणि एचआर. मिस्त्रीने विचारले, कुठून आलात? म्हटले, मनमाड. लगेच स्टूल पुढे केले. "मनमाड? गुरुद्वारा गुपतसरवाला मनमाड?" त्याचे वडील ट्रकवर होते, तिथे मुक्काम करत. मग चहा आला आणि तासभर बोलणे झाले. आज मी जे बोलणार आहे त्यातले निम्मे त्या स्टुलावरचे आहे.

त्याचे पहिले दुखणे माल आणण्याचे होते. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ चंदीगडच्या मनीमाजऱ्यात. अंतर म्हणाल तर स्कूटरवरची एक फेरी. पण तो क्लचप्लेट घेऊन निघाला की प्रदेशाची हद्द ओलांडतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी इकडचा विक्रीकर वेगळा, तिकडचा वेगळा आणि हद्द ओलांडली की केंद्रीय विक्रीकर. जीएसटी आला तेव्हा वाटले, सुटलो. पण बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के आणि काहींवर १८ असे दोन दर राहिले. एकच भाग ट्रॅक्टरचा की मोटारीचा, यावर दुकानदार आणि अधिकारी यांचे वाद. हा दर सरसकट १८ करा, ही मागणी सुट्या भागांचे उत्पादक आणि विक्रेते यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांना १८ टक्के झाला. आठ वर्षे लागली. आपल्याला पे कमिशनची वाट बघायची सवय आहे, तेव्हा आठ वर्षांचे आपल्याला नवल नाही.

आता यात बघण्यासारखे काय? ज्याने २८ टक्के भरून माल शेल्फवर ठेवला होता, त्याला तो १८ ने विकावा लागला. वरचा कर बुडत नाही, पण रोख परतही मिळत नाही. पुढच्या विक्रीच्या करातून तो हळूहळू वळता करून घ्यायचा. मोठ्या व्यापाऱ्याला ते जमते, गल्लीतल्या दुकानदाराचे भांडवल अडकून पडते. हे त्याला समजावून सांगणारा, वह्या नीट करून देणारा माणूस कोण? त्याच्या बाजारातली संघटना. आपल्या युनियनच्या कचेरीत सकाळी पासाचे, क्वार्टरचे, बदलीचे अर्ज लिहून देतो ना आपण, तसलेच काम. भाषणे करण्यापेक्षा अर्ज लिहून देण्याने संघटना टिकते, हे मी तीस वर्षांत शिकलो.

दुसरे दुखणे मोठे आहे आणि ते माझ्या घरातले आहे.

माझ्या धाकट्या भावाचे मनमाडला गॅरेज आहे. पानेवाडीच्या तेल डेपोचे टँकर, अन्न महामंडळाच्या गोदामाचे ट्रक, शिर्डीला जाणाऱ्या टॅक्स्या, यांच्यावर त्याचे पोट. हात चांगला आहे. इंजिनाचा आवाज ऐकून नोझल की टॅपेट ते सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याची गाडी बंद पडली. बिघाड यंत्रात नव्हता, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये होता. भावाने तो भाग मागितला तर अधिकृत डीलरने सांगितले, हा भाग काउंटरवर विकत नाही, गाडी टोचन करून नाशिकला आणा, आम्हीच बसवू. पैसे रोख द्यायला तयार असून विकत नाही! गाडी नेली, अकरा दिवस पडून राहिली, त्या दिवसांचा बँकेचा हप्ता टॅक्सीवाल्याने उसनवारी करून भरला. आणि माझा भाऊ, वीस वर्षांचा मिस्त्री, नुसता बघत बसला. मला म्हणाला, "दादा, माझा हात गेला नाही, पण पाना माझ्याकडून काढून घेतला."

हे एकट्या मनमाडचे नाही. २०११ साली एका व्यक्तीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे काही मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. टाटा मोटर्सला १,३४६ कोटी, मारुतीला ४७१, महिंद्राला २९२, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या उलाढालीप्रमाणे. दोष काय ठरवला तो नीट ऐका. मोटारीचे भाग बनवून देणाऱ्या कारखान्यांना ते भाग खुल्या बाजारात विकू दिले जात नाहीत. बिघाड शोधण्याची यंत्रे आणि दुरुस्तीची माहितीपुस्तके बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत. आणि ग्राहकाला भीती घातली जाते की बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली. आयोगाने हे बंद करायला सांगितले. भाग विका, यंत्रे द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी तोडू नका. पुढे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, पण दंड फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायचा असे ठरवून तो कमी केला.

साथींनो, ही तक्रार एका माणसाने केली होती. देशात गॅरेजवाले किती आणि दुकानदार किती, आणि तरी लढायला उभा राहिला एकटा! आदेश हातात आल्यावरसुद्धा तो गल्लीगल्लीत पोचवायला कोणी नव्हते. माझ्या भावाला त्या निकालाची माहिती मी दिली, तीसुद्धा आपल्या मुखपत्रासाठी मजकूर शोधताना मला सापडली म्हणून. निकाल कागदावर असेल आणि तो दाखवून काउंटरवर "भाग द्या" म्हणणारा माणूस नसेल, तर त्या निकालाला रद्दीचा भाव.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात २०१२ साली याच प्रश्नावर मतदान झाले. स्वतंत्र गॅरेजवाले आणि सुट्या भागांचे विक्रेते यांच्या संघटना दारोदार फिरल्या आणि शंभरातल्या पंच्याऐंशीहून अधिक मतदारांनी कौल दिला की दुरुस्तीची माहिती सर्वांना मिळालीच पाहिजे. २०१४ मध्ये तिथल्या मोटार कंपन्यांनी देशभरासाठी तसा समझोता केला. गाडीतली माहिती बिनतारी कंपनीकडे जाऊ लागली तेव्हा २०२० मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा विजय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. मोटारी त्यात धरल्या आहेत. पोर्टल ही चांगली गोष्ट आहे. पण कायदा आणि पोर्टल यांत फरक किती, हे पेन्शनच्या तक्रारी पोर्टलवर टाकणाऱ्या आपल्या निवृत्त साथींना विचारा.

तुम्ही म्हणाल, सेक्रेटरीसाहेब, हे दुकानदारांचे भांडण, आपण मजूर, आपल्याला काय? दोन गोष्टी सांगतो.

एक, तीच गोष्ट आपल्या शेडमध्ये आली आहे. मधेपुऱ्याला बनणारी बारा हजार अश्वशक्तीची इंजिने आपण पाहिली आहेत. आठशे इंजिनांचा करार २०१५ चा, सहारणपूर आणि आपल्या नागपूरला देखभालीचे डेपो, आणि देखभालीची जबाबदारी सुरुवातीला करारानुसार कंपनीच्या संयुक्त प्रकल्पाकडे. इंजिन रेल्वेचे, रूळ रेल्वेचे, चालवणारा पायलट रेल्वेचा. पण आतला कॉम्प्युटर उघडायचा अधिकार आणि त्याचे ज्ञान कोणाकडे? माझ्या भावाकडून पाना काढून घेतला आणि माझ्याकडून घेतला, यात मला तरी फरक दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कायद्यानेच ही भिंत तेवढी उंच ठेवलेली नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात 'ट्रेड युनियन' म्हणजे कामगार-मालक यांच्यातल्याच नव्हे, तर मालक-मालक यांच्यातल्या संबंधांचे नियमन करणारी संघटनासुद्धा धरली होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्या संहितेबद्दल आपला विरोध आहे आणि राहील, पण ती व्याख्या तिच्यातही आली आहे. मात्र एक मोठा फरक ध्यानात ठेवा. आपण एकत्र बसून मजुरीचा दर मागू शकतो. दुकानदारांची संघटना एकत्र बसून विक्रीचा दर ठरवायला गेली तर स्पर्धा कायदा आडवा येतो. औषधविक्रेत्यांच्या काही संघटनांवर आयोगाने अशी कारवाई केली आहे. आमच्या नाहरकतीशिवाय नवा स्टॉकिस्ट नेमू नका, असा त्यांचा हट्ट होता. तेव्हा संघटना म्हटली की ती आपोआप गरिबाच्या बाजूची, असे समजू नका. बाजारातला जुना माणूस नव्याला आत येऊ देत नाही, हेही संघटनेच्या नावाने चालते.

आणि आता जी गोष्ट सांगताना मला जड जाते ती.

भावाच्या गॅरेजमध्ये एक पोरगा कामाला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा. गिअरबॉक्स उतरवताना जॅक सरकला आणि डाव्या हाताची दोन बोटे चिरडली. मस्टर नाही, विमा नाही, ईएसआय नाही. गॅरेजमध्ये माणसे चार, ईएसआयला दहा लागतात. भावाने दवाखान्याचा खर्च केला, नाही म्हणणार नाही. पण पुढे काय? त्या पोराचा बाप माझ्याकडे आला. मी युनियनचा सेक्रेटरी, शहरभर माझे नाव, आणि माझ्याच घरात हा प्रकार. त्या दिवशी मी भावासमोर बसलो तो त्या पोराच्या बाजूने बसलो. दोन रात्री भांडण झाले. आई मध्ये रडत होती. शेवटी भरपाईची रक्कम ठरली, हप्त्याने द्यायची, आणि पोराला सुट्या भागांच्या काउंटरवर काम. भाऊ सहा महिने माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचे म्हणणे एकच होते: "कंपनी मला पिळते तेव्हा तू माझ्या बाजूने बोलतोस, आणि इथे माझ्या विरुद्ध." मी म्हटले, दोन्ही ठिकाणी मी एकाच जागी उभा आहे. त्याला ते पटले की नाही, आजही सांगता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गॅरेजवाल्यांच्या आणि सुट्या भागांच्या दुकानदारांच्या संघटनांना आपण हात द्यावा. कचेरी वापरू द्यावी, अर्ज लिहून द्यावेत, दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यासाठी आपला ठराव करावा. कालच्या मिस्त्रीला मी विचारले, संघटनेकडून तुला काय पाहिजे? त्याने भाषण केले नाही. म्हणाला, सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा एक चांगला स्कॅनर आठ-दहा गॅरेजना मिळून घेऊन द्या आणि तो चालवायला शिकवा. २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, सेन्सर वाढले, स्कॅनर नसला तर गिऱ्हाईक परत जाते. कर्जासाठी बँकेत जावे तर पूर्वी व्यापार-दुरुस्ती लघुउद्योगात धरत नव्हते. जुलै २०२१ पासून मोटार दुरुस्ती आणि विक्री यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, अग्रक्रमाच्या कर्जापुरती. हेही त्याला माहीत नव्हते.

पण हात देताना अट घालावी. जी संघटना आपल्याकडे मदतीला येईल, तिच्या प्रत्येक सभासदाने गॅरेजमधल्या पोरांची नावे वहीत लिहावीत. चौदा वर्षांखालचा एकही पोरगा शेडखाली दिसता कामा नये. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या जुन्या यादीत मोटार वर्कशॉप आणि गॅरेज नाव घेऊन लिहिलेले होते, ते उगाच नव्हे. ई-श्रमवर नोंद करावी. दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआयमध्ये स्वेच्छेने येता येते, ती वाट संघटनेने सामुदायिकपणे चोखाळावी. एकेकट्या गॅरेजवाल्याला ते लचांड वाटते, चाळीस जणांनी मिळून एक कारकून ठेवला तर वाटणार नाही.

काही साथी म्हणतील, अट घातली तर ते येणारच नाहीत. कदाचित येणार नाहीत. माझा भाऊ मनमाडच्या गॅरेजवाल्यांची बैठक पुढच्या महिन्यात बोलावतो आहे. मला बोलावणे आहे, पण सोबत बजावलेही आहे की पोरांचा विषय काढायचा नाही. मी जाणार आहे आणि विषय काढणार आहे. काय होते ते पुढच्या अंकात कळवीन.

ठरावाचा मसुदा मी अध्यक्षांकडे दिला आहे. ज्यांना सुधारणा सुचवायच्या आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लिहून द्याव्यात, कारण परतीच्या गाडीसाठी आम्हा मनमाडकरांना चारच्या आत अंबाल्याला निघावे लागेल.