थायलंड-लाओसला रेल्वेने जाताना



वर्षावास संपल्यावर आम्ही पंधराजण थायलंड आणि लाओस पाहायला निघणार आहोत. त्यात चार आज्या. कंपनीची सहल परवडत नाही, म्हणून रेल्वे. जुलै २०२४ पासून बँकॉकची रात्रीची गाडी मेकाँग नदी ओलांडून थेट लाओसची राजधानी व्हिएन्तिआनला जाते. पण सकाळी नोंग खाईला सर्वांनी सामानासकट उतरून पासपोर्ट दाखवायचा. तेव्हा ज्याला जेवढे उचलेल तेवढेच घ्या!

खरी अडचण पुढेच आहे. लुआंग प्रबांगची, २०२१ साली सुरू झालेली गाडी दुसऱ्याच स्टेशनवरून सुटते. थायलंडच्या रुळांतले अंतर एक मीटर, हिचे १.४३५ मीटर, मग डबे इकडचे तिकडे जाणार कसे? मधे मोटारच करावी लागते. तरुण मंडळी म्हणतात, त्याच दिवशी पुढची गाडी धरू. आम्हाला ते पटत नाही. आज्यांच्या पायांचा विचार नको का? व्हिएन्तिआनला एक मुक्काम करायचाच. पुढे दोनच तासांचा प्रवास. तिथे स्टेशनात सामान तपासतात, फळे कापायची सुरी काढून घेतात.

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते. फोटोसाठी कुणी आडवे जायचे नाही.

ज्यांचे पासपोर्ट व्हायचेत, त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे.