जमिनीखालून वाहणारे खत
(सोसायटीच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी तुम्हांला स्पेनमधील मुर्सिया प्रांतात नेणार आहे. मुर्सिया शहर इ. स. ८२५ मध्ये अमीर दुसरा अब्दुर्रहमान याने वसविले. थोर सूफी इब्न अरबी यांचा जन्म ११६५ साली तेथेच झाला. अरबांनी तेथे पाटबंधाऱ्यांची जी व्यवस्था उभी केली, तिच्या खुणा स्पॅनिश भाषेत अजून आहेत. पाटाला तेथे ‘असेकिया’ म्हणतात. तो अरबी ‘साकिया’चा अपभ्रंश होय. आपल्या गझलांतला ‘साकी’ त्याच धातूतून आला आहे.

या प्रांताच्या किनाऱ्यावर ‘मार मेनोर’, म्हणजे लहान समुद्र, नावाचे खारकच्छ आहे. क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस किलोमीटर, खोली जास्तीत जास्त सात मीटर. वाळूच्या अरुंद पट्ट्याने ते भूमध्य समुद्रापासून वेगळे झालेले आहे. पूर्वी त्याचे पाणी इतके नितळ होते की तळावरच्या वनस्पती वरून दिसत.

लगतचे मैदान कोरडवाहू होते. १९७९ साली ताहो नदीचे पाणी सुमारे ३०० किलोमीटर दूरवरून कालव्याने या भागात आले आणि भाजीपाल्याची बारमाही शेती बहरली. त्या शेतांत आज मोरोक्कोहून आलेले असंख्य मजूर राबतात, कुटुंबे पोसतात. या शेतीला सरसकट दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही.

मग बिघडले कोठे? पिकाला दिलेले सगळेच नत्र पीक घेत नाही. उरलेल्याचे नायट्रेट बनते. मातीच्या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच; म्हणून माती त्याला धरून ठेवीत नाही. स्फुरद मातीला चिकटून राहते, नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली झिरपते. युरोपात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे. तेथील भूजलात अनेक ठिकाणी ते याच्या कितीतरी पट आढळले. हे भूजल उताराने सरकत काही ओढ्यांत पाझरते, काही सरळ खारकच्छाच्या तळातून वर येते. ते कोणाला दिसत नाही.

खत मिळाल्यावर पाण्यातही पीक येते, ते सूक्ष्म शेवाळाचे! २०१६ साली मार मेनोरचे पाणी हिरवेगार झाले. तळापर्यंत उजेड पोचेना; तेथल्या वनस्पतींचा मोठा भाग मेला. मेलेले कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. सप्टेंबर २०१९ मधील अतिवृष्टीने गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी खाली असे थर पडले. खालच्या थराला हवा मिळाली नाही. ऑक्टोबरात हजारो मासे आणि कोळंब्या श्वासासाठी काठावर येऊन तडफडून मेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले.

लोक उठले. मुर्सिया विद्यापीठातील कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका तेरेसा विसेन्ते यांच्या पुढाकाराने सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि २०२२ साली कायद्याने या खारकच्छाला व्यक्तीप्रमाणे हक्क मिळाले. युरोपात हे प्रथमच घडले. तरीही कायदा झाला म्हणून भूगर्भातले नायट्रेट थांबत नाही. भूजल सावकाश चालते. आज खत कमी केले तरी मागच्या वर्षांचे येणे चालूच राहते. बापाने केलेल्या कर्जाचे हप्ते मुलाने फेडावेत, तसे हे आहे.

मित्रहो, आपल्या कोकणातला जांभा दगडही सच्छिद्र आहे. शोषखड्ड्यातले, शेणकीतले, शेतातले पाणी त्यातून विहिरीकडे, खाडीकडे जाते. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करू शकते. आपल्या शाळेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून वहीत नोंद ठेवावी. शेतकरी पालकांनी माती तपासून, हप्त्याहप्त्याने खत द्यावे. त्यात पैसाही वाचतो.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे आपल्याला लहानपणी शिकवले जाते. त्या शिकवणीत एवढीच भर घालू या: जे पाणी आपण जमिनीत सोडतो, त्याचाही हिशेब आपल्याकडेच आहे. ते कोठेतरी, कोणाच्या तरी विहिरीत, कोणाच्या तरी जाळ्यात निघणारच.