जपानचे वैद्य आणि अस्पृश्य म्हातारा
(व्याख्यान)



जपानात पाश्चात्य विद्या अमेरिकन तोफांच्या धाकाने आली, असे पुष्कळांस वाटते. ती जहाजे आली १८५३ साली. विद्येने त्याच्या किती तरी आधी मूळ धरले होते. ते कसे, हे आज सांगतो.

त्या काळी जपानचे दार परक्यांस बंद असे. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांस नागासाकीच्या देजिमा बेटावर राहण्याची मुभा होती. त्यांच्याकडून ग्रंथ येत. सुगिता गेनपाकू या वैद्याच्या हाती शरीराच्या चित्रांचा असाच एक डच ग्रंथ पडला. चित्रे चिनी वैद्यकाच्या पोथ्यांशी जुळेनात. पोथी म्हणे, फुप्फुसास सहा पाळ्या आणि दोन कान! मग खरे कोणाचे?

१७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, देहदंड झालेल्या एका बाईचे प्रेत चिरायचे होते. सुगिता, माएनो र्योताकू व त्यांचे सोबती ग्रंथ घेऊन तेथे गेले.

प्रेत चिरले कोणी? वैद्यांनी नव्हे. मेलेल्यास शिवणे म्हणजे विटाळ. ते काम 'एता' म्हणून हिणवलेल्या अस्पृश्यांचे. नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याने एकेक अवयव काढून दाखविला. आजवर पुष्कळ वैद्यांस हे दाखविले, पण हे काय, ते काय, असे कोणी विचारले नाही, असे तो म्हणाला.

डच चित्रे प्रेताशी जुळली. पोथी खोटी ठरली. सरकारी वैद्यांनीही हा फरक पूर्वी पाहिला होता. पण चिनी माणसाचे शरीरच निराळे असेल काय, अशी शंका काढून त्यांनी पोथी वाचविली!

सुगिता व माएनो दुसऱ्याच दिवशी भाषांतरास बसले. कामापुरता कोश नव्हता. भुवई म्हणजे डोळ्यावरचे केस, एवढे उलगडण्यास सबंध दिवस गेला. तरी १७७४ साली 'काइताई शिनशो' हा ग्रंथ निघाला, आणि डच विद्येचे शिष्य वाढत गेले.

म्हातारपणी, १८१५ साली, सुगिताने आठवणी लिहिल्या. त्या म्हाताऱ्याचे वय त्यात आहे, नाव नाही. १८७१ साली सरकारने एतांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला. लोकांच्या मनातला विटाळ मात्र तेवढ्याने गेला नाही.

बंधूंनो, ज्ञान त्या म्हाताऱ्याच्या हातात होते आणि मान पोथीला होता. त्याला लिहिता आले असते, तर वैद्यांची वाट पाहावी लागली नसती. म्हणून आपल्या मुलामुलींच्या हातचा कसब सोडवू नका. त्याच हातात लेखणीही द्या. आणि पोथी काहीही म्हणो, आधी डोळ्यांनी पाहा, असे त्यांस शिकवा.